लायब्ररी प्लगइनसाठी मोकळी करताना: आधी करार, मग कोड

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे पुढचं सगळं कशाबद्दल आहे ते वाचणाऱ्याला कळेल. तुमची पायथनमधली ओपन-सोर्स लायब्ररी वेगवेगळ्या फॉरमॅटच्या फाइली वाचते आणि आतला डेटा एकाच ठरावीक तक्त्यात आणून देते. सुरुवात ४ फॉरमॅटने झाली, आता १७ झालेत, आणि बहुतेकांमागे एखादी जड डिपेन्डन्सी, म्हणजे सोबत इन्स्टॉल करावी लागणारी दुसरी लायब्ररी, आहे. लायब्ररी सांभाळणारे (मेंटेनर) तुम्ही दोघंच, आणि 'हा नवा फॉरमॅट आत घ्या' म्हणत कोड पाठवणाऱ्या पुल रिक्वेस्ट काही थांबत नाहीत. म्हणून तुम्हाला असं हवंय की फॉरमॅट लोकांनी आपापल्या पॅकेजमध्ये लिहावेत आणि पॅकेज इन्स्टॉल केलं की लायब्ररीने ते आपसूक ओळखावं; अशा पॅकेजला प्लगइन म्हणतात. सुरुवात कुठून करायची आणि पाय कुठे घसरतो, हे तुम्ही विचारलंय. सोयीसाठी तुमच्या लायब्ररीला 'तक्ता' म्हणते.

मी अशाच धाटणीची एक लायब्ररी बरीच वर्षं सांभाळते आहे. त्या अनुभवावरून आधी एक सांगते: इन्स्टॉल झालेली प्लगइन शोधून काढणं हे यातलं सगळ्यात सोपं काम आहे. एका दुपारचं. पण सगळी चर्चा त्याच्याभोवतीच फिरते, आणि लायब्ररी नि प्लगइन यांच्यातला करार (कोणी कोणाला काय द्यायचं आणि काय परत करायचं याचे नियम), जो पुढची कित्येक वर्षं निभवायचा असतो, तो मात्र घाईघाईत ठरतो. माझ्याकडून तेच झालं होतं, आणि त्याचा त्रास माझ्यापेक्षा प्लगइन लिहिणाऱ्यांना जास्त झाला. म्हणून शोधण्याचा भाग लवकर उरकते.

पायथनमध्ये प्लगइन ओळखण्याच्या तीन वाटा आहेत. पहिली नावावरून: 'तक्ता-' ने सुरू होणारं जे पॅकेज सापडेल ते प्लगइन समजायचं. दुसरी नेमस्पेस पॅकेजची: सगळ्यांनी एकाच नावाखाली आपापली मॉड्यूल टाकायची. तिसरी एंट्री पॉइंटची: पॅकेजची माहिती लिहिलेल्या प्लगइनच्या पायप्रोजेक्ट फाइलमध्ये एक ओळ असते, डावीकडे फॉरमॅटचं नाव, उजवीकडे मॉड्यूल आणि त्यातल्या क्लासचा पत्ता, आणि या ओळी तुम्ही ठरवून दिलेल्या गटाखाली येतात, समजा 'तक्ता.रीडर्स'. तिसरी घ्या, बाकीच्या दोन सोडा. वेब ॲप्लिकेशन लिहिण्याच्या फ्लास्क या फ्रेमवर्कने एके काळी सगळी एक्स्टेन्शन 'फ्लास्क.एक्स्ट' या एकाच नावाखालून इम्पोर्ट करण्याची सोय दिली होती. ती पुढे नकोशी झाली आणि २०१८ मध्ये आलेल्या १.० आवृत्तीत काढून टाकली. एंट्री पॉइंट मात्र टिकून आहेत. पायटेस्ट (टेस्ट चालवणारं साधन), फ्लेक८ (कोड तपासणारं), एसक्यूएलअल्केमी (डेटाबेसशी बोलणारी लायब्ररी), एक्सअरे (वैज्ञानिक डेटाची लायब्ररी) ही सगळी मंडळी त्यांच्यावरच चालतात. पायथन ३.८ पासून हे वाचणारं मॉड्यूल भाषेसोबतच येतं, आणि ३.१० पासून गटाचं नाव दिलं की नेमक्या त्या गटाच्या नोंदी मिळतात. याच कामाचं जुनं मॉड्यूल पीकेजी-रिसोर्सेस वापरू नका; ते नुसतं इम्पोर्ट करायलाच वेळ खातं.

इथे एक बारकावा आहे आणि तो महत्त्वाचा आहे. नोंदी वाचणं म्हणजे प्लगइन लोड करणं नव्हे. नोंदी म्हणजे नुसता मजकूर. तो वाचताना प्लगइनमधली एकही ओळ चालत नाही. प्लगइनचा कोड चालतो तो तुम्ही 'लोड' म्हणता तेव्हा. 'तक्ता' इम्पोर्ट होताक्षणी सगळी प्लगइन लोड केलीत, तर ज्याला फक्त सीएसव्ही फाइल वाचायची आहे त्यालाही एचडीएफ५ (मोठ्या वैज्ञानिक डेटाचा बायनरी फॉरमॅट) ची सगळी लायब्ररी मेमरीत येईपर्यंत थांबावं लागेल. म्हणून सुरुवातीला फक्त नावं गोळा करा आणि गरज पडेल तेव्हाच लोड करा.

पण मग अडचण येते. वापरणाऱ्याने नुसतं फाइलचं नाव दिलं, फॉरमॅट सांगितलाच नाही, तर ती फाइल कोणाची हे प्लगइन लोड न करता कसं कळणार? एंट्री पॉइंटमध्ये जास्तीची माहिती ठेवायला जागा नसते. यावर मला पटलेला तोडगा असा: एंट्री पॉइंटने एका अगदी हलक्या मॉड्यूलकडे बोट दाखवायचं. त्यात फॉरमॅटचं नाव, फाइलच्या नावाचं एक्स्टेन्शन आणि 'ही फाइल माझी आहे का' हे सांगणारं छोटं फंक्शन, एवढंच. जड इम्पोर्ट वाचणाऱ्या फंक्शनच्या आत. ही शिस्त करारातच लिहा आणि टेस्टने तपासा, नाहीतर कोणी पाळत नाही. पायथन ३.७ पासून इम्पोर्टला लागणारा वेळ मॉड्यूलनुसार दाखवणारा पर्याय आहे. तो चालवलात तर कुठलं प्लगइन नियम मोडतंय ते लगेच दिसतं.

आता 'ही फाइल माझी आहे का' या फंक्शनकडे जरा जवळून बघा, कारण करार ठरवताना काय काय उघडं पडतं ते इथेच दिसतं. पहिला विचार असा येतो की प्लगइनला फाइलचे पहिले १६ बाइट द्यावेत आणि त्याने हो किंवा नाही म्हणावं. एसक्यूलाइटसाठी हे चालतं, तिची ओळख नेमकी पहिल्या १६ बाइटमध्ये असते. एचडीएफ५ ची ओळख ८ बाइटची आहे, पण ती फाइलच्या सुरुवातीलाच असेल असं नाही. ५१२, १०२४, २०४८ अशा दुप्पट होत जाणाऱ्या अंतरावरही असू शकते. म्हणजे १६ बाइट पुरत नाहीत. शिवाय नेटसीडीएफ४ (हाही वैज्ञानिक डेटाचा फॉरमॅट) ची फाइल ही आतून एचडीएफ५ चीच फाइल असते. दोन्ही प्लगइन 'माझी' म्हणणार, आणि दोघांचंही बरोबर असणार. एक्सेलची एक्सएलएसएक्स फाइल उघडून बघाल तर ती साध्या झिप फाइलसारखीच सुरू होते. म्हणजे हो-नाही हे उत्तरच अपुरं आहे. माझ्या लायब्ररीत मी हे उत्तर तीन पायऱ्यांचं केलं: नक्की माझी, चालवून घेऊ शकेन, माझी नाही. आणि बाइटऐवजी मागेपुढे सरकता येईल अशी उघडी फाइल दिली, पण परत करताना ती सुरुवातीला आणून ठेवण्याची जबाबदारी लायब्ररीने घेतली. प्लगइनवर ती सोपवून बघितली होती; एकजण जरी विसरला तरी पुढच्या प्लगइनला अर्धवट फाइल मिळायची, आणि चूक भलत्याच पॅकेजच्या नावावर जायची.

दोघांनी 'नक्की माझी' म्हटलं तर? इथे माझं मत ठाम आहे: एरर द्या आणि वापरणाऱ्याला फॉरमॅट स्पष्ट सांगायला लावा. जे आधी सापडेल ते, हा नियम ठेवू नका, कारण सापडण्याचा क्रम पॅकेजेस कुठे नि कशी इन्स्टॉल झाली यावर ठरतो. एकाच्या मशीनवर एक प्लगइन जिंकेल, दुसऱ्याच्या मशीनवर दुसरं, आणि तारखेचा कॉलम एकीकडे तारीख म्हणून येईल, दुसरीकडे मजकूर म्हणून. असा बग शोधण्यात मी दोन आठवडे घालवले आहेत. प्लगइनने स्वतःचा प्राधान्यक्रम आकड्याने सांगावा, ही सूचनाही तुम्हाला कोणीतरी करेल. नको. एकजण १० लिहितो, दुसरा १००, तिसरा ९९९. प्राधान्य ठरवण्याचा हक्क वापरणाऱ्याकडेच ठेवा.

याच्याच जोडीचा दुसरा नियम: प्लगइन नवा फॉरमॅट आणू शकतं, पण मूळचा फॉरमॅट नुसतं इन्स्टॉल होऊन बदलू शकत नाही. तुमची लायब्ररी वापरणाऱ्या कितीतरी लोकांना आपल्या मशीनवर कोणती प्लगइन आहेत हेच ठाऊक नसेल, कारण ती दुसऱ्याच कुठल्या पॅकेजची डिपेन्डन्सी म्हणून आलेली असतील. सीएसव्ही वाचणारा कोड त्यांनी बदललेला नसताना त्याचं वागणं बदलायला नको. जावास्क्रिप्ट कोड तपासणाऱ्या ईएसलिंटने नव्या कॉन्फिगमध्ये याच दिशेने पाऊल टाकलं: नावावरून प्लगइन शोधणं सोडून वापरणाऱ्याने ते स्वतः इम्पोर्ट करून यादीत द्यायचं. २०२४ च्या ९ व्या आवृत्तीपासून तीच पद्धत डीफॉल्ट झाली. तुम्हाला आपोआप ओळखणं हवंय ते ठीकच आहे, पण दुसरी वाटही पहिल्या दिवसापासून ठेवा: रीडर (फाइल वाचणारा प्लगइनचा क्लास) हातात धरून थेट द्यायचा, काहीही शोधाशोध न करता. टेस्टमध्ये तर तुम्हाला स्वतःलाच ती लागेल.

आता प्रत्यक्ष वाचणाऱ्या फंक्शनकडे येऊ. माझी सगळ्यात मोठी चूक इथली. सुरुवातीला मी तीन आर्ग्युमेंटचं फंक्शन ठरवलं: फाइल, कॉलमची यादी, ओळींची मर्यादा. वर्षभराने एन्कोडिंग हवं झालं, म्हणून चौथं आर्ग्युमेंट वाढवलं आणि किरकोळ सुधारणा समजून छोटी रिलीज काढली. माझ्या सगळ्या टेस्ट पास होत्या. दुसऱ्या दिवशी एकापाठोपाठ एक तक्रारी: 'तीन आर्ग्युमेंट अपेक्षित, चार मिळाली.' बाहेरच्या प्रत्येक प्लगइनचं फंक्शन तीनच घेणारं होतं, आणि माझ्याकडून चार जात होती. माझ्या दृष्टीने मी एक सोय वाढवली होती. त्यांच्या दृष्टीने करार मोडला होता.

लायब्ररी कोणी वापरते तेव्हा फंक्शनला हाक (कॉल) तिकडून येते, इकडे नवं ऐच्छिक आर्ग्युमेंट वाढवलं तरी कोणाचं बिघडत नाही. प्लगइनच्या बाबतीत हाक मारणारे तुम्ही असता, त्यामुळे सगळं उलटं होतं. जे वाढवणं एरवी निर्धोक, तेच इथे घातक. ही गोष्ट दोघा मेंटेनरांनी अगदी मनावर कोरून ठेवा. उपाय दोन आहेत. पायटेस्टमधून वेगळी काढलेली प्लगी ही लायब्ररी प्लगइनच्या फंक्शनने ज्या आर्ग्युमेंटची नावं लिहिली आहेत तेवढीच त्याला देते. त्यामुळे हुकमध्ये (प्लगइनला हाक मारण्याच्या ठरलेल्या जागी) नवं आर्ग्युमेंट आलं तरी जुनी प्लगइन जशीच्या तशी चालतात. पण तुमच्या कामाला प्लगी जरा मोठी पडेल. एका घटनेवर अनेक प्लगइननी मिळून काम करायचं असतं तिथे ती शोभते, आणि तुमच्याकडे एक फाइल एकच प्लगइन वाचणार आहे. तुम्हाला दुसरा उपाय पुरेल: सगळं एका 'विनंती' ऑब्जेक्टमध्ये घालून द्या. फाइल, कॉलम, मर्यादा, उद्या एन्कोडिंग, परवा आणखी काही. फंक्शनला कायम एकच आर्ग्युमेंट.

बेस क्लास द्यायचा की नाही, हाही प्रश्न येईलच. देऊ शकता, पण तो रिकामा ठेवण्याकडे कल असू द्या. त्यात सोयीची फंक्शन घालायचा मोह होतो, कॉलमची नावं साफ करणारं, रिकाम्या जागा भरणारं. अंडरस्कोर लावून ती खासगी आहेत असं म्हणालात तरी कोणीतरी ती ओव्हरराइड करतंच. त्यानंतर ती तुमची राहत नाहीत. पुढे तुम्ही बेस क्लासमध्ये नवी मेथड वाढवलीत आणि त्याच नावाची मेथड एखाद्या प्लगइनने आधीच लिहिलेली असली, तर ती चुकून तुमच्या जागी चालायला लागते. सोयीची फंक्शन वेगळ्या मॉड्यूलमध्ये ठेवा. ज्याला हवीत तो इम्पोर्ट करेल.

जे जे बाहेरून दिसतं त्यावर कोणी ना कोणी विसंबतं, मग तुम्ही कागदावर काहीही लिहा. हायरमचा नियम म्हणतात तो हाच. फायरफॉक्सचं उदाहरण यात सगळ्यात मोठं आहे. त्याच्या जुन्या ॲड-ऑनना ब्राउझरच्या आतल्या जवळपास प्रत्येक भागाला हात लावता येत होता. ॲड-ऑन लिहिणाऱ्यांना ते फार आवडायचं, पण ब्राउझरच्या आत काहीही बदललं की कोणाचं तरी ॲड-ऑन मोडायचं. शेवटी नोव्हेंबर २०१७ मध्ये ५७ व्या आवृत्तीने ती पद्धतच बंद केली आणि कितीतरी लोकांची वर्षानुवर्षांची मेहनत एका रिलीजसरशी निकामी झाली. तुमच्या लायब्ररीत एवढं काही होणार नाही, पण प्लगइनला 'तक्ता'चा मुख्य ऑब्जेक्ट देऊन टाकलात तर रस्ता तोच आहे. लागेल तेवढंच द्या. कमी पडलं तर लोक मागतात, आणि मग वाढवता येतं. दिलेलं परत घेता येत नाही.

करार कागदावर उतरवताना या गोष्टी सुटतात: फाइल बंद कोणी करायची, रीडर एकाच वेळी दोन थ्रेडमधून वापरला जाईल का, फाइल खराब निघाली तर कोणती एरर द्यायची, रिकामी फाइल म्हणजे रिकामा तक्ता की एरर. यातलं काय निवडता याला फार महत्त्व नाही, पण निवडून लिहून ठेवा. न लिहिलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर प्रत्येक प्लगइन आपापल्या परीने देतं.

एररचं वेगळं सांगते. एका प्लगइनच्या दुखण्याने सगळी लायब्ररी आडवी पडता कामा नये. प्लगइन लोड होताना आलेली एरर पकडा, जपून ठेवा आणि तो फॉरमॅट कोणी मागितला तरच दाखवा. दाखवताना पॅकेजचं नाव आणि आवृत्ती सांगा, ३.१० पासून एंट्री पॉइंटवरूनच हे मिळतं. संदेश असा असावा: "'एचडीएफ' हा फॉरमॅट 'तक्ता-एचडीएफ ०.४' या पॅकेजमधून येतो. ते लोड झालं नाही, कारण पुढे दिलं आहे. तक्रार त्या पॅकेजच्या रेपोमध्ये नोंदवा." या शेवटच्या वाक्याने आमच्याकडे चुकून येणाऱ्या तक्रारी चांगल्याच कमी झाल्या. पण वाचताना आलेली एरर गिळून गुपचूप दुसऱ्या प्लगइनकडे फाइल देऊ नका. अर्धवट वाचलेला डेटा एररपेक्षा वाईट. सगळी प्लगइन आवृत्तीसह छापणारी एक कमांडही द्या. पायटेस्ट प्रत्येक वेळी सुरुवातीलाच ती यादी छापतं, आणि आपोआप लोड होणं बंद करण्यासाठी एक एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलही देतं. 'ते लावून बघा, अडचण राहते का?' एवढ्या एका प्रश्नावर निम्मा तपास होतो.

आवृत्त्यांबाबत थोडक्यात. प्लगइनने 'तक्ता' ची किमान आवृत्ती लिहावी, पण वरची मर्यादा घालायला सांगू नका. मर्यादा घातली की इन्स्टॉल करताना पिप (पायथनची पॅकेजेस इन्स्टॉल करणारं साधन) जुळणी शोधत मागे जातं, आणि कधीकधी मर्यादा घालण्याच्या आधीची, खूप जुनी प्लगइन आवृत्ती उचलतं, जी प्रत्यक्षात चालतच नाही. त्यापेक्षा कराराला स्वतःचा एक पूर्णांक द्या. प्लगइन सांगेल 'मी करार १ पाळतो', आणि लोड करताना तुम्ही तपासा. लायब्ररीची आवृत्ती ५ झाली तरी करार १ च असू शकतो, आणि तसाच असलेला चांगला.

सुरक्षेबद्दल प्लगइन लिहिणाऱ्यांना नाही, वापरणाऱ्यांना स्पष्ट सांगा: प्लगइन वापरणाऱ्याच्या सगळ्या हक्कांनिशी चालतं. एकाच पायथन प्रोसेसमध्ये त्याला कोंडून ठेवण्याचा भरवशाचा मार्ग नाही. खरंच वेगळं ठेवायचं असेल तर वेगळी प्रोसेस लागते, जसं सर्व्हर वगैरे कोडमधून उभे करणाऱ्या टेराफॉर्मने २०१७ च्या ०.१० आवृत्तीपासून प्रत्येक प्रोव्हायडर (त्याचं प्लगइन) वेगळा करून त्याची स्वतंत्र रिलीज सुरू केली आणि तो वेगळी प्रोसेस म्हणून चालतो. फाइल वाचण्यासाठी एवढं करायची गरज मला वाटत नाही. पण 'तक्ता-' ने सुरू होणारं नाव कोणीही घेऊ शकतो, त्यामुळे नावावरून कोणाला अधिकृत समजू नका. तुम्ही तपासलेल्या प्लगइनची यादी डॉक्युमेंटेशनमध्ये ठेवा.

आणि टेस्ट. तुम्ही प्लगइन लिहिणाऱ्यांना देऊ शकाल अशी सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे करार तपासणाऱ्या टेस्टचा तयार संच. एसक्यूएलअल्केमी बाहेरच्या डायलेक्टसाठी (एकेका डेटाबेसच्या जोडणीसाठी) असा संच पॅकेजसोबतच देते. पांडाज (तक्त्यातल्या डेटाची लायब्ररी) एक्स्टेन्शन टाइप, म्हणजे कॉलमचे नवे प्रकार, लिहिणाऱ्यांना बेस टेस्ट क्लास देतं, ज्यातून वारसा घेऊन आपला टाइप तपासता येतो. प्लगइनवाल्याने आपला रीडर आणि दोन नमुना फाइली दिल्या की बाकी सगळं आपोआप तपासलं जावं: रिकामी फाइल, तुटलेली फाइल, न सापडलेला कॉलम, दोन थ्रेड. दुसरी बाजूही आहे. रिलीजच्या आधी महत्त्वाच्या पाच-सहा प्लगइनच्या टेस्ट तुमच्या नव्या कोडवर चालवा. रस्ट भाषेवाले नवा कंपायलर क्रेटर नावाच्या साधनाने प्रकाशित क्रेटवर (रस्टच्या पॅकेजेसवर) असाच तपासून बघतात. माझ्या त्या चौथ्या आर्ग्युमेंटची चूक अशा एका रात्रीच्या रनमध्ये पकडली गेली असती.

आता कामाचा क्रम. बाहेर काहीही जाहीर करण्याआधी तुमचेच दोन फॉरमॅट याच दारातून आणा, आणि ते एकमेकांपासून अगदी वेगळे निवडा: ओळीओळीने वाचता येणारा एक मजकुराचा, आणि आत मागेपुढे उड्या मारून वाचावा लागणारा एक बायनरी. एकाच जातीचे दोन घेतलेत तर करार त्याच जातीपुरता बेतला जाईल. पायटेस्टची स्वतःची कितीतरी वैशिष्ट्यं आत प्लगइन म्हणूनच लिहिलेली आहेत, आणि म्हणूनच बाहेरच्यांना मिळणारे हुक कमी पडत नाहीत. त्यानंतर एचडीएफ वेगळ्या पॅकेजमध्ये हलवा, पण 'अस्थिर' असा शिक्का ठेवा. मग तुमच्याशी संबंध नसलेल्या निदान तीन जणांना प्लगइन लिहायला सांगा आणि ते कुठे अडतात ते टिपून घ्या. माझ्याकडे तिघांपैकी दोघं एकाच जागी अडले होते, आणि ती जागा मला स्वतःहून कधीच दिसली नसती. शिक्का त्यानंतर काढा.

सगळेच्या सगळे १७ बाहेर काढू नका. नवा जावास्क्रिप्ट कोड जुन्या ब्राउझरसाठी बदलून देणाऱ्या बेबेलने २०१५ मध्ये ६ व्या आवृत्तीत सगळं काम प्लगइनमध्ये हलवलं होतं. नुसतं बेबेल इन्स्टॉल केलं तर ते काहीच बदलायचं नाही, आणि नव्या माणसाला काय चुकलं तेच कळायचं नाही. सीएसव्ही, जेसन आणि डिपेन्डन्सी नसलेले बाकीचे फॉरमॅट आतच राहू द्या. जे बाहेर जातील त्यांच्यासाठी एक्स्ट्रा (इन्स्टॉल करताना मागता येणारी ऐच्छिक जोड) ठेवा, म्हणजे 'तक्ता' सोबत 'एचडीएफ' मागितलं की प्लगइनही येईल. जुना इम्पोर्टचा पत्ता दोन मोठ्या आवृत्त्यांपर्यंत चालू ठेवा आणि वॉर्निंगमध्ये कोणतं पॅकेज इन्स्टॉल करायचं ती आख्खी कमांडच लिहा, कॉपी करून चालवता येईल अशी. प्रलंबित पुल रिक्वेस्ट पाठवणाऱ्यांना मात्र हे सगळं व्हायच्या आधी, आजच लिहा: त्यांचा कोड नाकारला जात नाहीये, त्याला स्वतःचं पॅकेज मिळणार आहे, आणि पहिले तीन लेखक म्हणून तुम्हाला तेच हवे आहेत.